शक्तीवाल्यांच्या तालमीत नितेश

हॅलो?… हां, ऋत्विकच बोलतोय. नितेश! अरे मेल्या, आहेस कुठे? इथे ढोलकी वाट बघून सुकली… काय? इंग्रजी शब्द? आत्ता?… इन्फिल्ट्रेट. म्हणजे चोरून आत शिरणं. त्यांच्यातलाच एक होऊन… वाक्यात? ‘तुरेवाल्यांचा नितेश शक्तीवाल्यांच्या तालमीत इन्फिल्ट्रेट झाला.’ उद्याच्या सामन्यात ते आपल्याला गाण्यातून घालणार तो सवाल काढून आणायला आम्ही तुला पाठवला ना, तेच ते.

पण तुला विचारलं कुणी?… त्यांच्या केरू शाहिरांच्या मुंबईच्या भाच्यानं? ‘डिड यू इन्फिल्ट्रेट?’… आणि तू काय म्हणालास?… ‘येस सर’. अर्थ न कळता. छान.

मग मारलं?… जेवायला वाढलं? वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार… बरं… आणि जेवून सहज ढोलकी वाजवलीस. हो, हो… त्यांचा ढोलकीवाला गावी आलाच नाही, कळलं… अरे ऐक ना. उद्या खेडला जाखडीचा, शक्ती विरुद्ध तुरा सामना आहे. तू आमच्याकडून वाजवणार आहेस… आहेस ना?… नितेश?

अरे मग त्याला इन्फिल्ट्रेट नाही म्हणत! इन्फिल्ट्रेट करणारा परत येतो. तू केलीस ती फितुरी. तिसरीपासून एका बाकावर बसलो रे आपण!

…नाही, ओरडत नाही… आणखी अर्थ? आहे की. पाणीसुद्धा इन्फिल्ट्रेट होतं, हळूहळू मुरतं आत… देवादिकातलं उदाहरण कशाला हवं तुला?… बरं, गंगा घे. आपला उद्याचा सवालच नाही का, ‘गंगा जटेत शिरली तेव्हा चंद्र कुणीकडे सरकला?’… डावीकडे. तुला म्हणून सांगतोय. मंडळातही कुणाला ठाऊक नाही. हे उत्तर त्यांना कळलं की आपण संपलो…

नितेश, ‘डावीकडे’ असं आत्ता पाच-सहा जण म्हणाले तिकडे… टीव्ही? टीव्हीवर चंद्र सरकतोय?… फोन स्पीकरवर आहे का रे?

…केरू शाहीर, नमस्कार. हो, वडे छान झालेत म्हणाला… नाही, राग कसला… जरा नितेशला द्या.

स्पीकर बंद कर… केलास?… मग हसलं कोण?

असू दे. ऐक. दुसऱ्या बारीला, दुसरी फेरी वाजवायला घेतलीस की, तुझा उजवा खांदा आखडतो. तेल मी चोळायचो. तिथे कुणाला तरी तेलाचं आधीच सांगून ठेव… सॉरी नको. सगळे ऐकतायत. ठेवतो.