सुईतला दोरा

हॅलो?… हं, बोल ताई. मधली सुट्टी आहे, दहा मिनिटं आहेत माझ्याकडे… काय? गाठोडं?… हो, आईच्या शिलाई मशीनखालचं, कातरणांचं. आई गेल्यापासून तसंच पडून होतं. मीच आणलंय शाळेत… अगं, चोरी कसली! सांगणारच होते तुला.

हो, हो… आधी ऐकून तर घे! वर्गाच्या मागच्या भिंतीवर मी एक जुनी चादर लावलीये. तिच्यावर झाडाचं नुसतं खोड काढलंय. कुणी काही चांगलं वागलं, की ते बघणाऱ्यानं त्याच्यासाठी गाठोड्यातलं एक कातरण निवडायचं आणि पान म्हणून तिथं टाचायचं… छे, स्वतःसाठी नाही! गंमत तिथंच आहे. करणाऱ्यानं गप्प बसायचं, बघणाऱ्यानं सांगायचं.

खेळ नाही गं हा… बरं, खेळ म्हण. पहिल्या आठवड्यात माझंच चुकलं. दंगा केला की मी पान काढून घ्यायचे. झालं! अख्खा वर्ग एकमेकांच्या चहाड्या करायला लागला. मग आईचं आठवलं. “चुकला तेवढाच टाका उसव, बऱ्या टाक्याला हात लावू नकोस.” तेव्हापासून लागलेलं पान काढायचं नाही… आता? आता शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून बघतात, एवढी शांतता कशी, पोरं गेली कुठं म्हणून!

तुझ्या पिवळ्या फ्रॉकचं कातरण? आहे ना, अगदी शेंड्याला. एकीचा चष्मा फुटला होता, तर शेजारणीनं तिला दिवसभर फळा वाचून दाखवला. त्याचं पान… ताई? रडतेयस का?… बरं, नाही रडत.

अगं, आजचं ऐक ना. आमची वादळ… हो तीच, डबे लपवणारी. महिनाभरात तिच्या नावाचं एकही पान नव्हतं. आज गाठोडं सोडलं, तर हीच ओरडली, “कुणी हात घालू नका!” निळा तुकडा होता, अर्धा दुमडलेला, आणि सुई त्यातच… मी एकेक झटकून बघितला होता गं. तरी राहिली, कबूल. तिनं तो दोन्ही तळहातांवर धरून माझ्या टेबलापर्यंत आणला. एवढी हळू चालताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

दोरा?… हो. ओवलेला. आईनंच ओवलेला.

पोरांनी एका आवाजात ठरवलं, वादळचं पान तेच… नाही, अजून नाही लावलं. उद्या लावू म्हटलंय… गाठोडं ने की, तू मोठी आहेस. पण ते एक पान तुझ्या हातानं शिवून मग ने… अगं, मी कशी? माझे टाके बघून आई काय म्हणायची? कोंबडी चालून गेली!… हो, उद्या. दुसऱ्या तासाला ये.

नाही, दोरा नको आणूस. सुईत आहे तेवढा एका पानाला पुरतो.

घंटा झाली. ठेवते.