गुरुवारची बोट

(इंडोनेशियातलं सुमात्रा बेट. पायाकुम्बूजवळच्या गावातलं स्वयंपाकघर. दुपारचे तीन. चुलीवर मोठी कढई, तीत रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटत जाणारा मांसाचा रस्सा.)

मामा : रस ठेव हं जरा, नूरलिस. येंद्राला डब्यात दिलास तसा काळाठिक्कर करू नकोस. तो घर सोडून निघालेल्या तुझ्या लेकाचा डबा होता, महिनाभर टिकायला हवा होता. पाहुण्यांना रेंदांग भातावर ओतायला लागतो.

आई : ढवळतेय, दादा.

रेफ्नी : आणि पाहुण्यांना बोलावलं कुणी? मी नाही.

मामा : मी बोलावलं. तुझा मामा आहे मी. मागच्या आठवड्यात मुलाकडे मागणी घालून आलो, आज ते जेवायला येतायत आणि होकार देऊन जातील. मुलगा शाळेत मास्तर आहे, सिगारेटसुद्धा ओढत नाही. आणखी काय पाहिजे?

रेफ्नी : मला विचारायला पाहिजे होतं. गुरुवारी माझी दुमाई बंदरातून बोट आहे, हे तुम्हाला रमजानपासून माहितीये.

मामा : मला वाटलं, निघेल डोक्यातून.

रेफ्नी : तिकीट काढलंय, मामा. पासपोर्ट आलाय. आधी मलेशियात मलाक्का, तिथून बसने वर थायलंड, मग लाओस, मग व्हिएतनाम. तीन महिने. एक सप्टेंबरला दवाखान्यात नोकरीवर रुजू व्हायचंय, त्याआधी परत.

मामा : पैसे झाडाला लागलेत का गं?

रेफ्नी : दोन वर्षं पोरांच्या शिकवण्या घेतल्या, ते कुणी बघितलं नाही. लांबचा प्रवास रात्रीच्या बसने, म्हणजे त्या रात्रीचं भाडं वाचतं. एरवी बायकांच्या खोलीत एक पलंग. आपल्या पासपोर्टवर या देशांत महिना महिना व्हिसा लागत नाही, म्हणून कुठेच महिन्याच्या वर थांबायचं नाही. जेवण बाजारात, उभ्याने.

मामा : अनोळखी बायकांच्या खोलीत झोपणार. ऐकतेयस ना, नूरलिस?

आई : ऐकतेय. रेफ्नी, लाकडं सार जरा आत.

रेफ्नी : येंद्रा जकार्तात कापडाच्या दुकानात गठ्ठ्यांवर झोपतो. सोळा वर्षांचा होता गेला तेव्हा. सगळं गाव बसथांब्यावर आलं होतं. तुम्ही स्वतः दुवा मागितलीत.

मामा : तो मुलगा आहे. आपल्यात मुलग्याने बाहेर पडायचंच असतं. त्याला इथे आहे काय? आपल्यात आईचं सगळं लेकीला जातं. घर तुझं, भातशेती तुझी, तळ्यातले मासेसुद्धा तुझे. तुला घर मिळतं, त्याला वाट मिळते. वाटणी झालीये ही, फार जुनी.

रेफ्नी : त्या वाटणीला मी नव्हते.

मामा : जीभ फार लांब झालीये.

रेफ्नी : घर माझं आहे ना? मग ते पळून जाणार आहे का तीन महिन्यांत? मालकिणीला आपल्या दाराबाहेर पडायला परवानगी लागते, असली मालकी मला कळत नाही.

मामा : बरं, जाऊन करणार काय? येंद्रा काहीतरी कमावून आणेल. मी सतरा वर्षांचा मलाक्काला गेलो, येताना शिलाईचं यंत्र घेऊन आलो. तुझ्या आईचं लग्न त्या यंत्राच्या कमाईवर केलं. तू काय आणणार?

रेफ्नी : काही नाही.

मामा : काही नाही?

रेफ्नी : मी बघायला जातेय. नदीने नावेतून दोन दिवस जायचंय लाओसमध्ये, ते बघायचंय. दुसऱ्या देशातल्या बाया बाजारात भांडतात कशा, ते बघायचंय. आणायचं काहीच नाही.

मामा : रिकाम्या हाताने परतलेल्याला गाव हसतं, बाई. लोक वीस वीस वर्षं येत नाहीत त्या लाजेपायी. आपल्या शेजारणीचा नवरा अजून आला नाही.

रेफ्नी : हसू दे. मुलगा रिकामा परतला तर त्याला तोंड लपवायला जागा नसते, कारण घर बहिणीचं. मी माझ्याच घरी येणार. मला कोण विचारणार, काय आणलंस म्हणून? उलट आपल्यात रिकाम्या हाताने फिरायचं तर मुलीनेच फिरावं.

मामा : तोंडाला तोंड देऊ नकोस.

रेफ्नी : एक विचारू? मलाक्कात तुम्ही सहा वर्षं होतात. समुद्र कसा आहे तिथला?

मामा : समुद्रासारखा.

रेफ्नी : तुम्ही भांडी घासत होतात ते हॉटेल मी नकाशावर शोधलं. अजून आहे. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

मामा : असेल.

रेफ्नी : बोटीतून उतरल्यावर पुन्हा कधी बघितलात का?

मामा : सुट्टी नसायची. शुक्रवारी नमाजापुरतं सोडायचे. एकदा निघालो होतो, तर मालकाने हाक मारली, लग्नाच्या जेवणाची ताटं आली होती. मग राहिलंच. आता त्याचं काय मध्येच?

रेफ्नी : काही नाही. पहिल्या दिवशी मी तिथेच जाणार आहे. ती दहा मिनिटं चालणार आहे.

मामा : मला असलं बोलून विरघळवू नकोस. मी मुलाच्या मामाला शब्द दिलाय. चार माणसांत बसतो मी, कुळाचा मोठा म्हणून. भाची ऐकत नाही म्हटल्यावर माझी किंमत काय राहील?

रेफ्नी : मला विचारलं असतंत तर राहिली असती.

मामा : नूरलिस, तू बोल. तुझी लेक आहे. सकाळपासून तोंडात गुळणी धरून बसलीयेस. आणि हा वास कसला येतोय? करपतंय काहीतरी.

आई : करपत नाहीये.

मामा : बघू. अगं, हे काय केलंस? सगळा रस आटवलास. कोळशासारखा झालाय. पाहुणे तासाभरात येतील. त्यांना वाढणार काय?

आई : अंडी आहेत. वांगी आहेत. तळ्यातला मासा सांगितलाय.

मामा : लग्नाच्या बोलणीला अंडी? आणि हा एवढा पाच किलोचा रेंदांग?

आई : हा गुरुवारच्या बोटीचा आहे.

मामा : म्हणजे तू सकाळपासूनच...

आई : सकाळपासून नाही, दादा. नारळ मी सोमवारीच बोटीच्या डब्यासाठी म्हणून सांगून ठेवले होते. हात दुखला माझा, पण ढवळणं थांबवलं नाही. येंद्राच्या वेळी रडत रडत केला होता. आज रडू आलं नाही.

रेफ्नी : आई.

आई : तू गप्प. खूप बोललीस.

मामा : मी त्यांना सांगू काय?

आई : सांग, मुलगी फिरायला निघालीये. सप्टेंबरच्या आत येईल. थांबायचं तर थांबा, आल्यावर तिलाच विचारू.

मामा : आणि नाही थांबले तर?

आई : मग अंडी वाढू आणि वाटेला लावू. दादा, घर माझं आहे, इथे कुणाला काय वाढायचं ते मी बघते. रेफ्नी, घट्ट झाकणाचा डबा काढ. येंद्राचा होता तो नको. मोठा.