उजवीकडची झेप

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. भिंतीवरच्या टीव्हीत मुलींच्या युवा फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत ऐन रंगात आलेली. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं कानावर पडत होतं.

"आपली लेक गोलात उभी, आणि तुमची दाढ आजच दुखायची होती!"

"गप गं. शेवटची पेनल्टी आहे. पोरीनं अडवली की कप आपला."

"उजवीकडे मारली तर हो?"

"तीच तर धास्ती! आपल्या बोळात खेळत शिकली, तिथं उजवीकडे दगडी भिंत; तिकडे झेपावलं की कोपर फुटायचं. पोर लहानपणापासून डावीकडेच झेपावत आलीय."

"अगं बाई, उजवीकडेच मारली!"

"अडवली! उजवीकडे उडी घेऊन अडवली गं!"

शिंपीणबाई गाल सोडून टाळ्या पिटू लागल्या. शेजारचा नवरा मात्र डोळे पुसत होता.

"अहो, रडताय काय? दाढ ठणकतेय?"

"कोपर फुटलं असेल गं तिचं."

"अहो, हिरवळीवर पडलीय ती. बघा, उठलीसुद्धा."