उल्का गेली कुठे?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी जुना चष्मा मागितला. आजोबांनी नाइलाजाने डबी उघडली, तर चष्म्याच्या आधी एक कार्डच खाली पडलं.

“आजोबा! ही तर आपल्या डायनोसॉरच्या खेळातली उल्का!”

“हो का? बघू. अगं, हिलाच तर शोधत होतो मी.”

“पण डबीत कशी गेली?”

“आकाशातून पडणारी वस्तू ती. तिचा काय नेम?”

“थापा नका मारू. उल्का निघाली की सगळे डायनोसॉर मरतात आणि खेळ संपतो. काल रविवारी जेवल्यापासून अंधार पडेपर्यंत खेळलो, तरी एक डाव संपेना!”

“चरत होते बिचारे, चरू दे की. तुला कुठे गाडी गाठायची होती?”

“मला नाही, आईला. ‘हा डाव संपला की निघू’ म्हणून ती पर्स घेऊन ताटकळत बसली होती.”

“बसू दे. महिन्यातून एकदा येता आणि आल्या आल्या चपला शोधता.”

“पण हा रडीचा डाव झाला, आजोबा.”

“बरं बाई, कान पकडतो. आईला सांगणार आहेस?”

“छे! पण त्या गठ्ठ्यात उल्का दोन असतात ना?”

“असतात की.”

“तरीच! मी दिवसभर विचार करत होते, दुसरी निघत कशी नाही.”

“आणि पहिली?”

“ती माझ्या मोज्यात होती.”