यंत्राला लागलेली नाल

परवाची आक्कांची गंमत ऐका. सूर्याकडून येणाऱ्या सौरवाऱ्यानं पृथ्वीचं चुंबकत्व हलतं. ते टिपणारं आमचं यंत्र पन्हाळ्याखाली या आक्कांच्याच शेतात, एका खोपीत ठेवलंय. जवळ लोखंड चालत नाही, म्हणून खोपीला खिळासुद्धा मारला नव्हता. सगळी सुंभानं बांधलेली.

सकाळी ऑफिसातल्या पडद्यावर यंत्राचा आलेख एकदम वर उडाला तो खाली यायचं नावच घेईना. मी सरांना फोन करून मोकळी, “मोठं सौरवादळ आलंय!”

सर म्हणाले, “बाकी सगळ्या केंद्रांवर शांत आहे. तुझी पृथ्वी वेगळी आहे काय?”

गाडी काढून पळाले. बघते तर खोपीच्या दारावर घोड्याची नाल ठोकलेली.

“आक्का, हे काय?”

“एवढं महागाचं मशीन! येणारा-जाणारा टक लावून बघतोय. दिष्ट लागंल की.”

“अहो, लोखंडानं सगळं बिघडतंय. आपण सूर्याचा वारा मोजतोय!”

“त्यो वारा बाधत न्हाय व्हय माणसाला?”

“नाही. पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे. त्याच्या चुंबकत्वानं तो बाहेरच अडतो.”

आक्कांनी नाल उपटून माझ्या हातात ठेवली.

“मग मी दुसरं काय केलतं?”