बरणीतली पिल्लं

अडतीस सालच्या श्रावणात अनसिंगच्या स्टेशनावर धुरपताबाई चार महिन्यांच्या नातवासाठी दुधात भाकर कुस्करत होती. आईच्या नुसत्या दुधावर पोर बाळसं धरत नाही, हा तिचा हट्ट. सून बोचकं सांभाळत बाजूला बसली होती. शेजारी माळ्याचे बापूराव नागपूरच्या कॉलेजातल्या मास्तरांची बरणी न्याहाळत होते.

"मास्तर, हे काय घेऊन चालले?"

"रोहू माशाची पिल्लं. आतडं कसं वाढतं, ते पाहतो."

"मांगच्या साली बी नेली व्हती ना?"

"मेली सगळी. मोठा रोहू शेवाळ खातो, म्हणून पिल्लांनाही शेवाळच घातलं."

"मंग?"

"भिंगाखाली पाहिलं. आतडं दोऱ्यासारखं सरळ. वेटोळी पडतात ती नंतर, हळूहळू. शेवाळ आत तसंच पडून होतं."

"म्हंजे भरल्या पोटी उपाशी मेले?"

"हो."

"वांग्याच्या कवळ्या रोपाले आमी कच्चं खत देत नाई, जळते थे. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

"मी विचारलंच नाही कुणाला."

धुरपताबाईचा हात वाटीतच थांबला. मग तिनं भाकर फलाटावरच्या कुत्र्याला घातली आणि नातवाला सुनेच्या मांडीवर दिलं.

"पाज वं त्याले. मी आडोसा धरतो."