बोटं दिसतील इतकं साफ

मेकॅनिक: ...आवाज कसा खणखणीत येतोय बघा, वहिनी! आता अजून काय पाहिजे?

वहिनी: चित्र.

मेकॅनिक: चित्र आहे की. जरा सावली पडतेय, पण माणूस ओळखू येतो. घरातल्या अँटेनाकडून याहून जास्त मागू नये माणसानं. दादांना विचारा, त्यांनी केव्हाच मान डोलावली.

वहिनी: हे सगळ्यांनाच मान डोलावतात, भाऊ. समोरचा बोलायचा थांबला की डोलावतात. जन्मापासून ऐकू येत नाही त्यांना.

मेकॅनिक: अरेच्चा! आणि मी मघापासून त्यांना सिग्नल म्हणजे काय ते समजावतोय!

वहिनी: वीस मिनिटं. मी मध्ये पडले नाही, तुम्ही इतके रंगात आला होतात. त्यांनाही तुमचे हातवारे आवडले. म्हणाले, काय सांगतोय ते कळत नाही, पण माणूस खोटा दिसत नाही.

मेकॅनिक: बरं झालं, निदान तेवढं तरी पोचलं. पण मग, राग मानू नका हं, ऐकूच येत नाही तर हा टीव्हीचा खटाटोप कशाला?

वहिनी: राग कसला? आज सहा वाजता आमची लेक टीव्हीवर येणार आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या बातम्या आजपासून सुरू होतायत. एक बाई बातम्या वाचणार आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आमची मुलगी तेच हातांनी सांगणार. तिला ऐकू येतं, बोलताही येतं. पण ती हातांनी आधी बोलायला लागली, तोंडानं नंतर.

मेकॅनिक: कोपऱ्यात? केवढी असते ती चौकट?

वहिनी: पोस्टकार्डाएवढी, असं लिहिलंय तिनं. त्यात ती कमरेपासून वर. त्यात तिचे हात. आणि हातांना बोटं.

मेकॅनिक: आणि इथं तर पडद्यावरच्या प्रत्येकाला जुळा भाऊ चिकटलाय.

वहिनी: एकेका हाताला दहा बोटं दिसतायत, भाऊ. आमच्या बोलण्यात एक बोट जास्त झालं की शब्द बदलतो. 'आवाज येतोय ना, मग चालवून घ्या' असं या आठवड्यात मला दोघांनी सांगितलं. तुम्ही तिसरे.

मेकॅनिक: मला त्या दोघांच्या पंगतीत बसवू नका. मला काम काय आहे तेच आत्ता कळलं. किती वाजले?

वहिनी: पाच वाजून दहा.

मेकॅनिक: पन्नास मिनिटं आहेत. वर छतावर अँटेना लावला असता तर दहा मिनिटांत—

वहिनी: छत घरमालकाचं. कौलं फुटतील म्हणतो. वर हेही म्हणाला, 'तुमच्या ह्यांना काय करायचाय टीव्ही?'

मेकॅनिक: असं म्हणाला? मग आता तर खोलीतूनच आणून दाखवतो. मला एक पट्टी द्या बघू, मोजायची.

वहिनी: ही घ्या. यांची आहे, छापखान्यातली. पस्तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले त्यांनी. उलटी अक्षरं अजून सरळ वाचतात, तुम्ही-आम्ही वाचतो त्याच्या दुप्पट वेगानं.

मेकॅनिक: म्हणजे नजर तयार आहे! मग त्यांनाच विचारा, खरा माणूस आणि त्याची सावली, यांच्यात अंतर किती?

वहिनी: थांबा हं... साडेतीन सेंटिमीटर म्हणतात.

मेकॅनिक: पट्टी न लावता? लावून बघू... एक, दोन, तीन... साडेतीन! अहो, काय डोळा आहे का काय आहे! हात जोडले मी. त्यांना सांगा, हात जोडले म्हणून.

वहिनी: ते दिसलं त्यांना.

मेकॅनिक: हां, खरंच की. बरं, आता ऐका. म्हणजे तुम्ही ऐका आणि त्यांना सांगा. टॉवरकडून लाट सरळ घरी येते, ते खरं चित्र. तीच लाट कशावर तरी आपटून, वळसा घालून उशिरा येते, ती सावली. एवढ्या पडद्यावर सावली एक सेंटिमीटर सरकली की समजायचं लाट तीनशे मीटर जास्त चालून आली. साडेतीन म्हणजे हजारभर मीटर. तेव्हा अर्ध्या-एक किलोमीटरवर काहीतरी दांडगं, धातूचं उभं असलं पाहिजे.

वहिनी: सांगितलं. खिडकीच्या डावीकडे बोट दाखवतायत. धान्याचं नवं कोठार आहे तिकडे, पत्र्याचं. मागच्याच महिन्यात उभं राहिलं.

मेकॅनिक: सापडला चोर! आणि ते आधीचे दोघे काय करत होते?

वहिनी: टॉवरकडे अँटेना रोखून बसले होते. बंदूक रोखतात तसा.

मेकॅनिक: तिथंच सगळे फसतात. खरं कुठून येतंय ते शोधत बसतात. माझा गुरू सांगायचा, खरं आपोआप येतं, खोटं कुठून येतंय ते आधी शोध. या दोन कांड्या बघा. कांड्या आडव्या धरल्या की पुढून-मागून यांना सगळं ऐकू येतं. टोकांच्या बाजूनं मात्र या ठार बहि... माफ करा हं.

वहिनी: म्हणा हो बहिऱ्या. शब्दानं काय होतंय?

मेकॅनिक: टोकांच्या बाजूनं बहिऱ्या. म्हणून टोक कोठाराकडे करायचं. टॉवरचं थोडं कमी आलं तर येऊ दे, पण खोटं बंद झालं पाहिजे. आता पडद्याकडे बघा. हळूहळू फिरवतो... अजून जरा...

वहिनी: गेली! सावली गेली! अहो, त्या माणसाच्या सदऱ्याचं बटण दिसतंय!

मेकॅनिक: उगाच नाही मला लोक लांबून बोलवत. चहा टाका आता.

वहिनी: चहा टाकते, पण हे काय? आली की परत!

मेकॅनिक: कोण हललं? मी तर दगडासारखा उभा आहे.

वहिनी: हे 'वा, वा' म्हणाले.

मेकॅनिक: परत म्हणायला सांगा. ...हां. बघा, दादांनी हात उचलला की चित्र फाटतं. अँटेना त्यांच्या खांद्याला लागून आहे ना, माणसाच्या अंगानंही लाट अडते, वळते. मग सोपं आहे. अर्धा तास त्यांनी हात मांडीवर ठेवून शांत बसायचं. झालं काम.

वहिनी: नाही.

मेकॅनिक: अहो, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.

वहिनी: तुमच्या तोंडाला अर्धा तास चिकटपट्टी लावून बसवलं तर?

मेकॅनिक: मला? मी पाचव्या मिनिटाला मरेन.

वहिनी: यांच्या शाळेत हात पाठीमागे बांधून बसवायचे. बोटं हलवायची नाहीत, ओठ हलवा, माणसासारखं बोला. बोट हललं की पट्टी. दहा वर्षं, भाऊ. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी सख्खी मावशी आईला म्हणाली, चारचौघांत जावयाला हात खाली ठेवायला सांग, बरं नाही दिसत. आणि आज त्याच हातांची भाषा बोलायला टीव्हीवाल्यांनी आमच्या पोरीला बोलावून घेतलंय. ते बघताना यांनी हात मांडीवर ठेवायचे? माझ्या घरात? त्यापेक्षा तो टीव्ही उचला आणि घेऊन जा.

(मेकॅनिक हातातला अँटेना खाली ठेवतो.)

मेकॅनिक: मी काय म्हणालो ते त्यांना सांगितलंत का?

वहिनी: नाही. सांगितलं असतं तर ठेवले असते त्यांनी हात मांडीवर, हसत हसत. फार समजूतदार आहेत ते. म्हणून तर नाही सांगितलं.

मेकॅनिक: बरं केलंत. चुकलं माझं. वाजले किती?

वहिनी: साडेपाच.

मेकॅनिक: दादांना टीव्हीसमोर बसवा, अगदी ऐसपैस. वाट्टेल तेवढं बोलू दे त्यांना. अँटेनाच हलवतो. माझ्याकडे दहा मीटर चपटी वायर आहे. तुम्ही पडदा बघा, मी हा घेऊन घरभर फिरतो. बरं दिसलं, वाईट दिसलं, की ओरडून सांगा.

वहिनी: ओरडायचं कशाला? हे दाखवतील ना हातानं. मी दारात उभी राहते, तुम्हाला अर्थ सांगायला.

मेकॅनिक: निघालो... आता कपाटाशी आहे. काय म्हणतात?

वहिनी: तोंडासमोर हात हलवतायत. चित्र वास मारतंय म्हणतात.

मेकॅनिक: लोखंडी कपाट, मारणारच. आता स्वयंपाकघराच्या दारात. हे काय, तीन बोटं?

वहिनी: सावली किती गडद ते सांगतायत. तीन. आता दोन. पुढे जा म्हणतात. दीड... थांबा, मूठ मिटली. जिथं आहात तिथंच थांबा.

मेकॅनिक: इथं तर डोक्यावर तुमची फळी आहे. उलट बरंच आहे, लाकडी आहे. ते डबे तेवढे खाली काढा.

वहिनी: सगळे? चहाचा डबा राहू दे की.

मेकॅनिक: चहाचासुद्धा नाही. पत्रा तो पत्रा, त्याला चहा काय आणि कोठार काय! ...हां, ठेवला वर. आता दादा तर्जनी आणि अंगठा जवळ आणतायत.

वहिनी: उजवं टोक किंचित खाली. नखभर. अजून निम्मं नख. बस्स, मूठ!

मेकॅनिक: वहिनी, एक सांगू? सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. मी छपरावर, माझा माणूस खाली, आणि आम्ही दोघं बोंबलतोय. मी 'आलं का?' विचारतो, तो 'काय?' म्हणतो. घसा बसतो, शेजारी भांडायला येतात. आणि दादांनी एक शब्द न काढता मला नखाचं निम्मं नख दाखवलं. असा माणूस मला आधी भेटायला हवा होता.

वहिनी: सांगते त्यांना. ...म्हणतात, छापखान्यात यंत्रांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. तिथं सगळे यांच्याकडून हातांनी बोलायला शिकले होते. तिथं हेच मास्तर.

मेकॅनिक: दिसतंय ते. आता बांधतो सुतळीनं. आता दादांना सांगा, जोरात हात हलवा. भांडतात तसे हलवा.

वहिनी: भांडतात तसे? घरमालकाबद्दल बोला म्हटलं त्यांना.

मेकॅनिक: बापरे! काय काय बोलतायत हो?

वहिनी: ते तुम्हाला नाही सांगायचं मी. पण चित्र बघा.

मेकॅनिक: ढिम्म हललं नाही! आता शेवटचं. पोस्टकार्डाएवढी चौकट म्हणालात ना? मग अजून थोडं साफ करावं लागेल. हे मागचं बटण किंचित फिरवलं की बारीक कडा स्वच्छ येतात. पण एक अडचण आहे. आवाज बिघडतो. इतक्या लांबून वायर आणलीय, त्यात दोन्ही पुरं नाही मिळायचं. हे बघा, असं... कडा आल्या, पण आवाजाचा भुंगा झाला. तुम्हाला बातम्या ऐकता यायच्या नाहीत.

वहिनी: रोजच ऐकते मी. रेडिओवर ऐकते आणि कामं उरकता उरकता यांना दोन वाक्यांत सांगते. 'काय झालं?' विचारतात. 'काही विशेष नाही' म्हणते. चाळीस वर्षं काही विशेष नाही! आणि हे मान डोलावतात. फिरवा बटण, भाऊ.

मेकॅनिक: फिरवलं. दोन मिनिटं राहिली. दादांनी केस विंचरलेत वाटतं?

वहिनी: मघाशीच. नवा सदराही घातलाय. तिला दिसणार नाही म्हटलं, तर म्हणाले, मला माहीत आहे.

मेकॅनिक: लागलं, लागलं! अक्षरं आली. ती बाई वाचायला बसली. चौकट कुठाय? कोपऱ्यात... ही का?

वहिनी: हीच. हीच आमची.

मेकॅनिक: बोटं दिसतायत ना, वहिनी? मला तर दिसतायत. पाच आणि पाच. अंगठीसुद्धा दिसतेय.

वहिनी: सगळी दिसतायत.

मेकॅनिक: दादा काय म्हणाले?

वहिनी: खांदे सैल सोड म्हणाले तिला. 'घाबरलीय, पण बोटं घाबरलेली नाहीत' म्हणाले.

मेकॅनिक: वा! आणि बघा, एवढे हात हलवतायत, तरी पडद्यावर ओरखडा नाही. बोला दादा, बोला! ...पण वहिनी, तुम्ही पडद्याकडे कुठं बघताय? तुम्ही तर दादांकडेच तोंड करून बसलात. आणि हा भुंगा ऐकून तुम्हाला काय कळणार? बटण थोडं मागे घेऊ का?

वहिनी: राहू द्या, भाऊ. हे सांगतायत मला.